घरावरचे सौर पॅनेल आणि बिनछपराचा कामगार

मार्च २०२४ मध्ये डाक खात्याने पोस्टमन बंधूंच्या झोळीत आणखी एक काम टाकले. टपाल वाटत असतानाच घरोघरी जाऊन लोकांना प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजनेची माहिती द्यायची, तयार असणाऱ्यांचे वीजबिल पाहायचे, छताचा अंदाज घ्यायचा आणि मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये नाव नोंदवायचे. डाक जीवन विम्याची व पेमेंट बँकेच्या खात्यांची उद्दिष्टे मानेवर होतीच, त्यात ही भर. आमच्या परिचयाचे एक पोस्टमन बंधू कल्याणजवळ भाड्याच्या एका खोलीत राहतात. आपल्या बीटमधील बंगल्यांच्या आणि बैठ्या घरांच्या छतांची नोंद त्यांनी उन्हातान्हात फिरून केली. काम संपल्यावर त्यांनी आम्हाला विचारले, "साहेब, यात माझे नाव कुठे घालू?" आम्हाला त्यावर उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नामुळेच हा लेख लिहावा लागला. योजनेचा पाया एवढाच आहे की, घर तुमच्या नावावर, छत तुमच्या हक्काचे आणि विजेचे कनेक्शन तुमच्या ग्राहक क्रमांकावर असले पाहिजे. या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याला पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार रुपये व तिसऱ्या किलोवॅटसाठी १८ हजार रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये केंद्र सरकार अनुदान देते. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये, असा हा कारभार केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केला. पैसा जनतेच्या तिजोरीतला आहे आणि त्या तिजोरीत क्वार्टरमधला गँगमन, चाळीतला सॉर्टर आणि खेड्यातला ग्रामीण डाक सेवक यांचाही वाटा आहे. छपराचा मालक मात्र यांच्यापैकी क्वचितच कोणी असतो.

आम्ही सौर ऊर्जेच्या विरोधात नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. आपल्या चळवळीत यावर दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. काही साथी म्हणतात, ही वीज क्षेत्राच्या खासगीकरणाची मागल्या दाराने आलेली वरात आहे, आपण तिच्याकडे पाहूही नये. दुसरे काही साथी ठेकेदाराच्या पत्रकावरचा "आयुष्यभर वीज फुकट" हा मजकूर वाचून सोसायटीतून कर्ज काढून मोकळे होतात. पहिल्यांनी हिशेब केलेला नसतो, दुसऱ्यांनी ठेकेदाराचाच हिशेब खरा मानलेला असतो. तेव्हा आधी हिशेब पाहू.

एक किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त, आषाढ-श्रावणात बरीच कमी. त्यासाठी सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे तीन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिटांच्या आसपास देईल आणि तीनशे चौरस फूट गच्ची अडवील. आमच्या सभासदांना मिळालेली दरपत्रके पाहता तीन किलोवॅटला १ लाख ८० हजारांपासून २ लाख १० हजारांपर्यंत खर्च सांगितला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुने दरपत्रक कोणी पुढे केले तर ते परत करावे आणि नवे मागावे.

१ लाख ९० हजार धरा. अनुदान वजा जाता खिशातले १ लाख १२ हजार गेले. ज्या घरात महिन्याला तीनशे युनिट जळतात आणि सरासरी आठ रुपये युनिट पडते, त्या घराचे महिन्याला २,४०० रुपये वाचतील. चार वर्षांत पैसे वसूल. हीच रक्कम पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवली असती तर महिन्याला जेमतेम ६९० रुपये हाती आले असते. अर्थात पोस्टात मुद्दल परत मिळते आणि पंचवीस वर्षांनी पॅनेल भंगारात जाते, हा फरक पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बंधूंना आम्ही सांगायला नको. तरीही निवृत्त होताना हाती पैसा असेल, घर स्वतःचे असेल आणि वापर मोठा असेल, तर व्यवहार चांगला आहे. जानेवारी २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनाचा भरवसा पाहता, म्हातारपणीचे वीजबिल आधीच चुकते करून ठेवणे शहाणपणाचेही आहे.

आता दुसरे घर पाहा. दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही, एक फ्रीज. महिन्याला शंभर युनिट. खालच्या टप्प्यातील युनिटचा दर आधीच कमी, पाच रुपये धरा. एक किलोवॅटचा संच ७० ते ७५ हजारांत पडला आणि ३० हजार अनुदान मिळाले, तर खिशातले चाळीस-पंचेचाळीस हजार गेले. बचत महिन्याला पाचशे. स्थिर आकार तर पॅनेल लावले तरी द्यावाच लागतो. वसुलीला सात वर्षे. म्हणजे ज्याच्या घरी एअरकंडिशनर आहे त्याला ७८ हजारांचे अनुदान आणि चार वर्षांत पैसे परत; ज्याच्या घरी टेबलफॅन आहे त्याला ३० हजारांचे अनुदान आणि सात वर्षांची वाट. काही राज्यांनी ही तफावत ओळखून स्वतःची भर घातली. उत्तर प्रदेशात राज्य सरकार किलोवॅटमागे १५ हजार, कमाल ३० हजार रुपये देते. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांसाठी वेगळी योजना आणली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेला कामगार मात्र बहुधा दारिद्र्यरेषेच्या वर आणि एअरकंडिशनरच्या खाली असतो, त्याच्या वाट्याला यातले पुरते काहीच येत नाही.

ठेकेदार आणखी एक आमिष दाखवतो, "मोठा संच बसवा, जास्तीची वीज कंपनीला विका, घरबसल्या कमाई." नेट मीटरच्या पद्धतीत दिवसा तुमच्याकडून गेलेले युनिट आणि रात्री तुम्ही घेतलेले युनिट एकमेकांत वळते होतात. हे वळते होणे हाच खरा फायदा. वर्षअखेर जे युनिट शिल्लक राहतात त्यांचा मोबदला तुम्ही कंपनीला देता त्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. शिवाय केंद्राच्या २०२३ च्या नियमबदलानुसार विजेचा दर दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त करण्याचे धोरण शेती सोडून सर्व ग्राहकांना लागू व्हायचे आहे. दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग झाली, तर दुपारी दिलेला एक युनिट रात्रीच्या एका युनिटाबरोबरीचा राहील का, हा प्रश्न प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे येणार आहे. यास्तव गेल्या बारा महिन्यांची बिले घेऊन बसावे, वापराची बेरीज करावी आणि तेवढाच संच घ्यावा. विक्रीच्या आशेने एकही पॅनेल जास्त घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या शाखेचे एक जुने सभासद, मेल गार्ड म्हणून निवृत्त झालेले (२०२२ पासून रेल्वेने गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, पण त्यांना कोणी तसे म्हटले की ते अजून मागे वळून पाहतात), भुसावळजवळच्या आपल्या गावी घर बांधून राहतात. गेल्या वर्षी त्यांनी संच बसवला. ठेकेदाराने सगळे पैसे आगाऊ घेतले आणि सहा पॅनेलपैकी एक पाण्याच्या टाकीच्या सावलीत टाकले. दुपारी तीनला टाकीची सावली त्या पॅनेलवर चढायची आणि संपूर्ण संचाचे उत्पादन बसायचे. त्यांना कळेना की एका पॅनेलच्या सावलीने बाकीच्या पाचांना काय होते. आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले. मालगाडीत एका वाघिणीचे ब्रेक जाम झाले तर बाकीच्या सत्तावन्न वाघिणी मोकळ्या असून काय उपयोग? पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात आणि प्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो. जे पॅनेल अडले ते इतरांनाही ओढून धरते. ते हसले, पण टाकी हलवायचे चार हजार रुपये त्यांच्याच खिशातून गेले.

त्यांचे दुसरे गाऱ्हाणे उन्हाचे होते. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश ऊन, तेव्हा वीज भरपूर मिळायला हवी, आणि मीटर तर मार्चपेक्षा कमी दाखवतो. यात ठेकेदाराचा दोष नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता ही २५ अंश तापमानाला मोजलेली असते. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. भर उन्हात पॅनेलचा पृष्ठभाग साठ-पासष्ट अंशांवर जातो आणि प्रत्येक अंशामागे एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक उत्पादन घटते, म्हणजे बारा-पंधरा टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतके उंच घ्यावे. यार्डाजवळ किंवा कोळसा सायडिंगजवळ घर असेल तर धुळीचाही विचार करावा. रेल्वे वसाहतीत वाळत घातलेल्या कपड्यांवर जी तांबूस-काळी धूळ बसते तीच पॅनेलवर बसते. पंधरवड्याने एकदा पहाटे साध्या पाण्याने धुतले की पुरे; तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मात्र ओतू नये. कोकणातल्या बंधूंना वाऱ्याचे वेगळे सांगायला नको. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पत्रे कसे उडाले ते त्यांनी पाहिले आहे. तिथे पॅनेलपेक्षा त्याखालचा सांगाडा आणि स्लॅबमध्ये रोवलेले बोल्ट यांवर जास्त पैसे खर्चावेत.

त्यांचे तिसरे गाऱ्हाणे सर्वांत मोठे. फीडर बंद झाला, गावात अंधार झाला, आणि भर दुपारी बारा वाजता छतावर ऊन पडलेले असताना यांच्याही घरातला पंखा थांबला. "मग हे लाख रुपयांचे लोढणे छतावर कशाला?" असे म्हणून ते आमच्याकडे आले. ही तक्रार आम्हाला देशभरातून येते. इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, वडोदरा, जिथे जिथे मराठी रेल्वे कामगार निवृत्त होऊन स्थायिक झाला आहे, तिथून हाच प्रश्न. ठेकेदार विकताना ही गोष्ट सांगत नाही आणि नंतर ग्राहकाला आपण फसवलो गेलो असे वाटते.

वस्तुतः ही फसवणूक नव्हे, हा एका कामगाराचा जीव वाचवण्याचा बंदोबस्त आहे. वाहिनीला जोडलेला सौर इन्व्हर्टर वाहिनीवरची वीज गेली की क्षणार्धात स्वतः बंद पडला पाहिजे, असा नियम आहे. तो बंद पडला नाही तर तुमच्या छतावरची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाईल, ट्रान्सफॉर्मरमधून चढून अकरा हजार व्होल्टची होईल, आणि लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन भाजून खाली पडेल. टीआरडीच्या बंधूंना हे लगेच उमजेल. ओव्हरहेड तारेवर हात घालण्यापूर्वी आपण पॉवर ब्लॉक घेतो, आणि ब्लॉक मिळाला म्हणून विश्वास न ठेवता कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडतो. कशासाठी? कुठून तरी चुकून वीज येईल म्हणून. प्रत्येक घराच्या छतावर आता एक लहानसे वीजघर उभे राहत आहे. वायरमनच्या दृष्टीने "कुठून तरी" या शब्दाचा अर्थ लाखो ठिकाणी झाला आहे. तोही बहुतेक ठिकाणी ठेक्यावरचा, हातमोजे फाटलेले, आणि चार माणसांचे काम एकट्याने करणारा.

म्हणून जो कोणी गावठी इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरला "बायपास" मारून घेतो, त्याने शेजारच्या खांबावरच्या माणसाचा जीव टांगणीला लावला आहे हे समजून घ्यावे. वीज गेल्यावरही पंखा चालायला हवा असेल तर बॅटरीचा हायब्रिड संच मिळतो, तो वाहिनीपासून घर वेगळे तोडून मगच चालतो. त्याची किंमत बरीच जास्त पडते आणि त्या बॅटरीला अनुदान नाही. हे ठेकेदाराला आधीच विचारावे आणि लेखी घ्यावे. आमच्या गार्डसाहेबांनी हे ऐकून घेतले. नंतर म्हणाले, "हे मला विकताना सांगितले असते तर मी कुरकुर केली नसती." ते खरे आहे.

वायरमनचा विषय निघाला तेव्हा छतावर चढून पॅनेल बसवणाऱ्या मुलांविषयीही बोलले पाहिजे. आमच्या संघटनांच्या बैठकांत अनुदानावर तासभर चर्चा होते, पण या मुलांचा उल्लेख निघत नाही. गार्डसाहेबांच्या घरी चार मुले आली होती. वीस-बावीस वर्षांची, विदर्भातली दोन आणि बिहारमधली दोन. पायात स्लीपर, कमरेला पट्टा नाही, आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहून अडीच-तीन हात रुंद, पंचवीस किलोपेक्षा जड काच वर ओढून घेत होती. रोज किती मिळतो, भविष्य निर्वाह निधी कापतात का, पडलात तर दवाखाना कोण करील, असे गार्डसाहेबांनी विचारले. मुले ठेकेदाराकडे पाहून गप्प राहिली. केंद्र सरकार २०१५ पासून सूर्यमित्र नावाचे सहाशे तासांचे प्रशिक्षण देते. प्रशिक्षण द्यायला आमची ना नाही, परंतु प्रशिक्षित मजुरालाही विमा लागतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापना बसत नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनीही ही दहाची रेघ कायम ठेवली. पॅनेल बसवणारी टोळी चार-पाच जणांची. म्हणजे देशभर लाखो छतांवर काम होणार आणि एकही छत बांधकाम कामगारांच्या कायद्यात बसणार नाही.

या योजनेत ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करावी ही अट आहे. पॅनेल देशी बनावटीचे असावे ही अट आहे. काचेची जात, तारेची जाडी, अर्थिंगची खोली यांच्या अटी आहेत. छतावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा असावा आणि त्याचा अपघात विमा उतरवलेला असावा ही अट अनुदानाशी जोडणे सरकारला अवघड नाही. ती जोडली जाईपर्यंत आमच्या सभासदांनी स्वतःच्या घरापुरते एवढे करावे की, करारात विम्याची ओळ घालून घ्यावी आणि पट्टा व दोर दिसल्याशिवाय शिडी लावू देऊ नये. आपण आयुष्यभर सेफ्टी ड्रिलमध्ये उभे राहिलो ते आपल्या दारात विसरून कसे चालेल?

आता छत नसलेल्यांकडे वळू. त्यातला बराचसा भाग सहकारी गृहनिर्माण संस्थांत राहणाऱ्या सभासदांचा आहे. बदलापूर, पनवेल, वसई, पुण्याचा उपनगरी भाग, इथे चार मजल्यांवर सोळा बिऱ्हाडे आणि वर एकच गच्ची. योजनेत अशा संस्थांना सामाईक वापरासाठी, म्हणजे पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. हे पुष्कळ संस्थांच्या कार्यकारिणीला ठाऊकच नसते. लिफ्ट आणि पंपाचे बिल कमी झाले तर मासिक देखभाल वर्गणी कमी होते आणि त्याचा लाभ भाडेकरूपर्यंतही पोचू शकतो. पण त्याहून महत्त्वाची व्यवस्था दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये मान्य केली. एका ठिकाणी संच उभारायचा आणि त्याचे युनिट अनेक ग्राहकांच्या बिलांत त्यांच्या हिश्श्याप्रमाणे वळते करायचे. मग ज्याला छत नाही त्यालाही हिस्सा घेता येतो. आमच्या मते छत नसलेल्या कामगाराला या योजनेत आणण्याचा हाच सरळ मार्ग आहे. तो प्रत्येक राज्यात कागदावरून खांबावर उतरला पाहिजे, आणि त्याला घरमालकाइतकेच अनुदान मिळाले पाहिजे.

राहिले क्वार्टर. रेल्वे वसाहतीतल्या कामगाराचे वीजबिल बहुतेक ठिकाणी पगारातूनच कापले जाते, त्याच्या नावावर वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक नसतो. योजनेचा अर्ज तर ग्राहक क्रमांकाशिवाय पुढे सरकत नाही. म्हणजे तीस वर्षे रेल्वेच्या छपराखाली काढलेल्या माणसाला ही योजना दाराबाहेरच ठेवते. आणि त्याच काळात रेल्वे स्वतः काय करीत आहे? गुवाहाटीचे स्टेशन सौर विजेवर चालू लागले. २०१७ मध्ये दिल्लीत डेमू गाडीच्या डब्यांवर पॅनेल बसली. २०२० मध्ये बीना येथे १.७ मेगावॅटचा प्रकल्प उभारून त्याची वीज थेट २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेत सोडली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये वाराणसीच्या इंजिन कारखान्यात दोन रुळांच्या मधल्या ७० मीटर जागेत २८ पॅनेल बसवली. हे सर्व आमच्याच बंधूंच्या हातचे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानच वाटतो. परंतु ज्या प्रशासनाला दोन रुळांमधली जागा दिसते, त्याला वसाहतीतली शेकडो छते दिसत नाहीत असे कसे म्हणावे?

उलट भीती वेगळीच आहे. स्टेशने आणि कार्यालये यांची छते पंचवीस वर्षांच्या करारावर खासगी कंपन्यांना देण्याची पद्धत रेल्वेत रुळली आहे. कंपनी पॅनेल लावते, मालकी तिची, आणि रेल्वे आपल्याच छतावरची वीज तिच्याकडून विकत घेते. उद्या वसाहतींच्या छतांचीही अशीच निविदा निघाली तर खाली राहणाऱ्याच्या वाट्याला काय येणार? फक्त गळती. मुळात ज्या क्वार्टरच्या स्लॅबमधून जूनपासून बादलीत पाणी पडते, तिथे पॅनेलचे खांब रोवण्याआधी डांबर ओतावे ही आमची नम्र सूचना आहे.

डाक खात्यात हा प्रकार आणखी जुना आहे. दर्पण प्रकल्पात शाखा डाकघरांना जी उपकरणे मिळाली ती सौर पॅनेलवर चार्ज होणारी होती. शाखा डाकघराची जागा सेवकानेच पुरवायची असते, पुष्कळदा ती त्याच्या घरचीच एक खोली असते. छप्पर सेवकाचे, पॅनेल खात्याचे, काम खात्याचे. निवृत्तिवेतन मात्र खाते देत नाही, कारण तो "खात्याबाहेरचा". अशा सेवकाच्या घरावर एक किलोवॅटचा संच खात्याने स्वतःच्या खर्चाने बसवला तर उपकरणही चालेल आणि घरही उजळेल. या मागणीला कोणी अवाजवी म्हणू नये.

वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांविषयीही दोन शब्द. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांनी समांतर परवान्याच्या विरोधात संप पुकारला होता, तेव्हा आपण त्यांच्या बाजूने उभे राहिलो. त्यांचे म्हणणे असे की, मोठी बिले भरणारे ग्राहक छतावरच्या विजेकडे वळले की सार्वजनिक कंपनीचे उत्पन्न घटते आणि भार गरीब ग्राहकावर व शेवटी नोकरभरतीवर पडतो. यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय छत बंद करणे हा नव्हे. योजनेतच अशी तरतूद आहे की वीज वितरण कंपनीने स्वतः पुढाकार घेऊन ग्राहकांच्या छतांवर संच बसवावेत. ते काम सार्वजनिक कंपनीने स्वतःच्या कायम कामगारांकडून केले, तर छतावरच्या मुलांना नोकरी मिळेल, ग्राहकाला ठेकेदाराच्या मागे फिरावे लागणार नाही, आणि कोणत्या खांबामागे किती छते वीज सोडतात याची नोंद वायरमनच्या हाती राहील. यासाठी वीज कर्मचारी आणि आपण एकत्र बसलो पाहिजे. आजवर बसलो नाही, ही चूक दोघांची.

सोसायट्यांच्या संचालकांनाही आम्हाला सांगायचे आहे. रेल्वे आणि पोस्ट कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था लग्नाला कर्ज देतात, मोटारसायकलला देतात, पण सौर संचासाठी वेगळे कलम बहुतेकांच्या नियमावलीत नाही. राष्ट्रीयीकृत बँका या योजनेसाठी तारणाशिवाय, साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा कमी व्याजाने पैसे देतात, तेव्हा पतसंस्थेचे महाग कर्ज काढण्याआधी सभासदाने बँकेत जाऊन यावे. आणि घरबांधणी अग्रिमाच्या नियमांत, ज्याची मर्यादा २०१७ मध्ये २५ लाखांवर नेली, सौर संचाचा खर्च नाव घेऊन समाविष्ट व्हावा, ही मागणी संयुक्त सल्लागार यंत्रणेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गेली पाहिजे.

त्यासाठी आकडे लागतात आणि ते प्रशासन देणार नाही, आपणच गोळा करावे लागतील. प्रत्येक शाखेने आपल्या वसाहतीत किती इमारती आहेत, किती छते सपाट आहेत, किती गळतात, वीजबिल पगारातून कापले जाते की मीटर स्वतंत्र आहे, एवढे चार रकाने भरून यादी करावी. शाखा डाकघरांच्या बाबतीत जागा सेवकाची की भाड्याची आणि दर्पणचे पॅनेल चालू आहे की बंद, हे दोन रकाने. कल्याणच्या त्या पोस्टमन बंधूंनी आपल्या उपविभागाची यादी करायला सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकवीस शाखा डाकघरांची नोंद केली. या वेळी अ‍ॅप नाही, वहीत.